झाडू आधी खाली ठेवा

पत्र थोडं आवरून इथे देते आहे.

"आम्ही पुण्याचे. दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरच्या पूर्वेला, ऑरोराच्या अगदी टोकाला नवं घर घेतलं. आमच्या कुंपणापलीकडे एकही घर नाही, लांबवर नुसतं गवत. घर बघायला आलो तेव्हा तेच तर आवडलं होतं. पण मे महिन्यात संध्याकाळ झाली की राखाडी पाखरं शेकड्यांनी घरात शिरतात. सप्टेंबरात पश्चिमेच्या भिंतीवर काळ्या-लाल किड्यांचा थर बसतो. मागच्या ऑक्टोबरात गॅरेजमध्ये उंदराच्या लेंड्या सापडल्या. मी झाडून काढल्या आणि कोपऱ्याकोपऱ्यांत डांबराच्या गोळ्या टाकल्या. परसातली शेड हिवाळ्यापासून उघडलेली नाही, काचेतून बघितलं तर आत लेंड्याच लेंड्या. नवरा म्हणतो, दर तीन महिन्यांनी फवारणी करणाऱ्यांना कंत्राट देऊन टाकू. मुलगी दीड वर्षाची आहे, मला घरात औषध नको वाटतं. सासू-सासरे गणपतीला येताहेत. मागच्या खेपेला सासूबाई म्हणाल्या होत्या, 'घर स्वच्छ असलं की असलं काही होत नाही.' ते अजून मनात सलतंय. आणि सासूबाई घरात उंदीर मारू देणार नाहीत. मी नक्की काय करू? — माळावरची सून"

प्रिय माळावरची सून,

सगळ्यात आधी त्या शेडबद्दल. पाहुणे यायच्या आत ती झाडून घ्यावी असं तुमच्या मनात असेल, तर झाडू आधी खाली ठेवा. व्हॅक्यूमसुद्धा लावू नका.

तुमच्याकडच्या गवतात जो उंदीर राहतो त्याला तिकडे डिअर माउस म्हणतात. आपल्या घरच्या उंदरापेक्षा तो दिसायला देखणा असतो. पाठ तपकिरी, पोट आणि पाय पांढरेशुभ्र, शेपटीसुद्धा वरून गडद आणि खालून पांढरी, डोळे मोठे, काळ्या मण्यासारखे. त्याच्या लघवीतून, लेंड्यांतून आणि लाळेतून हँटाव्हायरस पसरू शकतो. वाळलेल्या लेंड्या झाडल्या की धूळ उडते, ती श्वासावाटे आत जाते, आणि मुख्यतः असाच हा आजार होतो. १९९३ साली न्यू मेक्सिको, ॲरिझोना, कोलोरॅडो आणि युटा ही चार राज्यं जिथे एकमेकांना टेकतात त्या भागात धडधाकट तरुण माणसं अचानक श्वास कोंडून दगावू लागली, तेव्हा हा विषाणू ओळखला गेला. २०२५ मध्ये अभिनेते जीन हॅकमन यांच्या पत्नी बेट्सी अराकावा सांता फे इथे याच आजाराने गेल्या, ते तुम्ही वाचलं असेल. आजार फार क्वचित होतो. १९९३ पासून २०२२ च्या अखेरीपर्यंत साऱ्या अमेरिकेत ८६४ रुग्ण नोंदले गेले. पण त्यांत न्यू मेक्सिको आणि कोलोरॅडो सगळ्यांत पुढे आहेत, आणि फुप्फुसांपर्यंत पोहोचला तर दहातले जवळजवळ चार जण जातात. त्याच्यावर नेमकं औषध नाही.

हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. तुम्ही मागच्या ऑक्टोबरात झाडलंत, त्याला दहा महिने झाले. लक्षणं दिसायची असतील तर एक ते आठ आठवड्यांत दिसतात. तेव्हा त्या दिवसाची काळजी आता सोडून द्या. मीसुद्धा कोलोरॅडोत आल्यावर पहिल्याच वर्षी हेच केलं होतं. घर घेतलं तेव्हाची शेड, आत आधीच्या मालकांच्या कुंड्या, आणि मी ओढणी नाकाला बांधून एका दुपारी सगळी लख्ख झाडून काढली. रात्री शेजारीण बोलता बोलता म्हणाली, "झाडलंस?" पुढचे दोन महिने मी अंग जरा दुखलं तरी थर्मामीटर लावत होते. त्या दोन महिन्यांमुळे तुम्हाला इतकं कळकळीने सांगते आहे.

शेड अशी साफ करा. दार आणि खिडकी उघडून ठेवा आणि अर्धा तास तिथून लांब राहा. रबरी हातमोजे घाला, आणि मुलीला त्या दिवशी परसात आणू नका. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण त्याच दिवशी ताजं करा, त्यात दुसरं कुठलं क्लीनर घालू नका. लेंड्यांवर आणि घरट्यांवर ते हलक्या हाताने शिंपडा. जोराचा फवारा मारलात तर धूळ उडेल, मग झाडू आणि फवारा यांत काही फरक राहिला नाही. सगळं चिंब झालं की पाच मिनिटं थांबा. मग कागदी टॉवेलने टिपून घ्या, पिशवीत घाला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालून कचऱ्यात टाका. जमीन त्याच पाण्याने पुसून घ्या. हातमोजे काढायच्या आधी हातमोज्यांसकट हात धुवा, काढल्यावर पुन्हा साबणाने धुवा. लेंडी जुनी की कालची हे बघून ओळखता येत नाही, म्हणून प्रत्येक लेंडी ताजीच समजायची. आणि काचेतून तुम्हाला दिसतंय त्यापेक्षा आत जास्त निघालं, गवताची मोठमोठी घरटी निघाली, तर दार लावून घ्या आणि योग्य मास्क असलेल्या व्यावसायिक माणसाला बोलवा. नवऱ्याला पैसे खर्च करायचेच असतील तर ते इथे करावेत.

साफसफाईनंतरच्या दोन महिन्यांत कुणाला ताप आला, मांड्या, कंबर आणि पाठ ठणकायला लागली, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की उंदराच्या लेंड्या साफ केल्या होत्या. फ्लू समजून घरी बसू नका. दम लागायला लागला तर सरळ इमर्जन्सीत जा.

आता सासूबाईंचं वाक्य.

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ते खरं आहे. तिथे झुरळं खरकट्यावर येतात, मुंग्या साखरेवर येतात, ओटा पुसला की निम्मं काम होतं. त्यांनी आयुष्यभर ज्या घरात स्वच्छता राखली त्या घराचा तो अनुभव आहे. तुमचं घर वेगळ्या जागी उभं आहे. तुमच्या कुंपणापलीकडे जे आहे त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, माळ. डेन्व्हरच्या पूर्वेपासून कॅन्ससपर्यंत हा आखूड गवताचा माळ पसरलेला आहे, ब्लू ग्रामा आणि बफेलो ग्रास या दोन गवतांचा. वर्षाचा पाऊस जेमतेम पस्तीस-चाळीस सेंटीमीटर. त्या माळावरच्या प्रत्येक जिवाच्या तारखा ठरलेल्या आहेत, आणि त्या तारखांना तुमच्या घराची ऊब, दिवा किंवा एखादी फट त्याच्या वाटेत येते. ज्या घरात अजून चूलसुद्धा पेटलेली नाही, रंगाचा वास गेलेला नाही, त्या कोऱ्या घरातही ऑक्टोबरात उंदीर शिरतो. तुमच्या केरवाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. हे तुम्ही स्वतः सासूबाईंना सांगू नका. सुनेने सांगितलं की ती सबब वाटते. हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

मी बार्शीकडची. आमच्या आजीचं घर गावाच्या कडेला होतं, पुढे माळ. ज्वारीची सुगी उरकली की शेतातले उंदीर घराकडे वळायचे, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आजी त्याच्या आधीच भिंतीच्या पायाशी फिरायची. हातात शेणमातीचा गोळा आणि फुटक्या काचांची पाटी. बीळ दिसलं की काचा आत ठासायच्या आणि वरून लिंपायचं. उंदीर माती उकरतो, काच उकरत नाही. ऑरोरात करायचं ते हेच आहे, फक्त काचेच्या जागी स्टील वूल, म्हणजे पोलादी तारांचा बोळा, आणि शेणमातीच्या जागी सीलंट. नुसत्या फोमने फट भरू नका, तो उंदीर एका रात्रीत कुरतडतो.

आज ऑगस्टचा पहिला आठवडा. रात्री गार पडायला लागेपर्यंत तुमच्या हातात पाच-सहा आठवडे आहेत. माझं सगळं म्हणणं या पाच-सहा आठवड्यांत आहे. ऑक्टोबरात तुम्ही जे काही कराल ते उशिराचं असेल, आणि त्यात मारामारी असेल.

एखाद्या दुपारी ऊन लख्ख असताना गॅरेजचं दार खाली पाडा आणि आतले दिवे मालवा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटं नुसत्या उभ्या राहा. मग खाली बसून दाराच्या तळाकडे बघा. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे फट आहे. दोन्ही कोपऱ्यांत ती हमखास दिसेल, कारण दाराच्या खालची रबरी पट्टी कोपऱ्यांत आधी झिजते. एक पेन्सिल घ्या. पेन्सिल ज्या भोकात जाते त्यात उंदीर जातो. हे अतिशयोक्त वाटतं, पण पाव इंचाची फट त्याला पुरते, डोकं गेलं की अंग जातं. मग तीच पेन्सिल घेऊन घराला बाहेरून प्रदक्षिणा घाला. एसीची तांब्याची नळी भिंतीत शिरते ती जागा, गॅसची पाइप, बाहेरच्या नळाभोवतीचा गोल, ड्रायरच्या झडपेचं टोक, मागच्या दाराचा उंबरा. आमच्या घरी सगळ्यात मोठं भोक एसीच्या नळीभोवती निघालं, माझा अंगठा आत जात होता, आणि आम्ही तिथून चार हातांवर रोज बसून चहा पीत होतो. हवेची भोकं मात्र कायमची बुजवू नका, त्यांना पाव इंचाची तारेची जाळी लावा.

हे काम सासऱ्यांना द्या असं मी सुचवेन. आपल्याकडची मोठी माणसं सहा महिने येतात आणि दिवस जाता जात नाही म्हणून कंटाळतात. पेन्सिल, खडू आणि घराला एक फेरी, प्रत्येक भोकापाशी खूण. संध्याकाळी मुलाने येऊन ती बुजवायची.

आता उंदीर मारण्याचं. गणपतीच्या दिवसांत त्याच्या वाहनाला मारायचं नाही, ही सासूबाईंची भावना मला परकी नाही. म्हणूनच मी फटींवर इतका वेळ घालवते आहे. जो बाहेर राहिला त्याला मारावं लागत नाही. पण जो आधीच आत आलेला आहे त्याच्यासाठी मी पिंजरा सुचवणार नाही. पिंजऱ्यात अडकलेला उंदीर भेदरून लघवी करतो, तो पिंजरा कुणीतरी हाताळायचा, गाडीत ठेवायचा, आणि तुमच्याकडे तर दीड वर्षाची मुलगी आहे. चिकटसापळ्याचंही तसंच, शिवाय त्यात जीव तासन् तास तडफडतो. लाकडी चाप लावायचा, त्यावर वाटाण्याएवढं पीनट बटर, चापाचं तोंड भिंतीकडे करून, मुलीचा हात पोहोचणार नाही अशा जागी. ते क्षणात संपतं. मेलेला उंदीर उचलतानाही आधी हातमोजे, मग त्याच्यावर ब्लीचचं पाणी. हे नवऱ्याने करावं आणि सासूबाईंना दाखवू नये. त्यांनी विचारलं तर खोटं मात्र बोलू नका, मुलीच्या फुप्फुसांची गोष्ट आहे म्हणून सांगा.

उंदराचं विष ठेवू नका. विष खाल्लेला उंदीर सुस्त होऊन उघड्यावर हिंडतो आणि त्याला घुबड उचलतं, मग ते विष घुबडाच्या पोटात जातं. तुमच्या कुंपणाच्या खांबावर रात्री घुबड बसत असेल तर त्याला अशुभ मानून हाकलू नका. तुम्ही लावाल त्या सगळ्या चापांपेक्षा जास्त उंदीर ते एकटं खातं. आणि डांबराच्या गोळ्या आजच उचला. उंदीर त्यांना जुमानत नाही. त्यांची वाफ लहान मुलांना वाईट, आणि रंगाने-आकाराने त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. मुंग्यांसाठी भारतातून आणलेला औषधी खडू घरात असेल तर तोही काढून टाका. तसला खडू अमेरिकेत बेकायदा आहे, कारण मुलं तो साधा खडू समजून तोंडात घालतात.

एक प्रश्न तुम्ही लिहिला नाही, पण मीच विचारते. तांदळाची वीस पौंडांची गोणी आणि कणकेची पोती गॅरेजमध्ये ठेवता का? आपल्यातल्या बहुतेक घरांत ठेवतात, आत जागा नसते. ती आत आणा किंवा पत्र्याच्या, घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा. प्लास्टिकचा डबा उंदीर कुरतडतो. पक्ष्यांसाठी दाणे टांगले असतील तर तेही घरापासून लांब न्या. हा उंदीर फार साठेबाज. एका नोव्हेंबरात मी बर्फातले बूट घालायला घेतले तर डाव्या बुटात घोट्यापर्यंत सूर्यफुलाच्या बिया भरलेल्या. शेजाऱ्यांच्या अंगणातल्या. एकेक करून आणलेल्या.

पाखरांचं मी मागे ठेवलं, कारण त्यात भीती अजिबात नाही. तिकडे त्यांना मिलर म्हणतात, म्हणजे गिरणीवाला. पंखांवरची भुकटी बोटाला पिठासारखी लागते म्हणून. पडद्याच्या चुणीतलं एखादं हलकेच चिमटीत धरून बघा, बोटांवर करडं पीठ उरेल. तुमच्या घरात ती राहायला येत नाहीत, वाटेत मुक्कामाला येतात. त्यांच्या अळ्या हिवाळाभर माळावरच्या मातीत असतात, वसंतात वाढतात, आणि मे महिन्यात पाखरं होऊन पश्चिमेला रॉकी पर्वताकडे निघतात. तिथे उन्हाळाभर रानफुलांचा मध पितात, अंगावर चरबी चढवतात, आणि शरद ऋतूत परत माळावर येऊन अंडी घालतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या आसपासच्या उंच शिखरांवर ग्रिझली अस्वलं दगड उलथून हीच पाखरं खातात, एकेक अस्वल दिवसाला ४०,००० पर्यंत. दिवसा ती अंधारी फट शोधून पडून राहतात आणि संध्याकाळी बाहेर पडतात, तेव्हा चुकून तुमच्या दिवाणखान्यात येतात. ती तुमचे लोकरी कपडे खात नाहीत, पिठात पडत नाहीत, घरात अंडी घालत नाहीत. पडद्यावर तांबूस डाग पाडतात, तेवढा त्रास. पाच-सहा आठवड्यांत पुढे निघून जातात. वसंत कोरडा गेला आणि माळावर फुलं कमी आली, तर पाणी घातलेल्या बागांवर त्यांची जास्त गर्दी होते, म्हणून एखादं वर्ष जास्त वाटतं.

फवारणी त्यांच्यावर वाया जाते. आज मेली त्यांच्या जागी उद्या संध्याकाळी माळावरून नवी येतात. काय करायचं ते सासूबाईंना आधीच ठाऊक असेल. पहिल्या वळवानंतर वाळवीचे पंखवाले किडे दिव्यावर झेप घेतात, तेव्हा आपल्याकडे घरातले दिवे मालवतात आणि एका दिव्याखाली पाण्याची परात ठेवतात. तेच करायचं. संध्याकाळी बाहेरचे दिवे बंद, आतले कमीत कमी, आणि गॅरेजमध्ये एक दिवा, त्याच्याखाली बादलीभर पाणी आणि त्यात चार थेंब भांड्यांचा साबण. साबणामुळे ती बुडतात, परत उडत नाहीत. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीची कृषी विस्तार शाखाही हाच उपाय सांगते. उरलेली व्हॅक्यूमने ओढून घ्या. पाखरांना व्हॅक्यूम चालतो, लेंड्यांना नाही. हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा, कामाला बाई येत असेल तर तिलाही.

कणकेच्या डब्याजवळ मात्र वेगळं, बोटाच्या पेरापेक्षाही लहान पाखरू दिसलं, पंखांचा मागचा अर्धा भाग तांबूस आणि पुढचा फिकट, तर ते मिलर नाही. ते पिठातलं पाखरू आहे, त्याला तिकडे इंडियन मील मॉथ म्हणतात. नाव ऐकून वाईट वाटून घेऊ नका, तिथे इंडियन मील म्हणजे मक्याचं पीठ. जाळं धरलेलं पीठ टाकून द्या, आणि नव्या पोत्यातली कणीक चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मगच डब्यात भरा.

भिंतीवरचे काळे-लाल ते बॉक्सएल्डर बग. चावत नाहीत, घरातलं काही खात नाहीत. बॉक्सएल्डर नावाच्या मेपलच्या बियांवर वाढतात आणि थंडी काढायला उबदार भिंत शोधतात, म्हणून दुपारचं ऊन खाणाऱ्या दक्षिण-पश्चिम भिंती. चिरडू नका, डाग पडतो. बाटलीत साबणाचं पाणी भरून नेमकं अंगावर मारलं की मरतात. नुसतं भिंतीवर मारून ठेवलेलं साबणाचं पाणी काही करत नाही. एकदा भिंतीच्या आत गेले की त्यांना तिथे औषधाने मारू नका, कारण मेलेल्या किड्यांवर गालिचे खाणारे भुंगेरे येतात. फेब्रुवारीतल्या एखाद्या उबदार दुपारी काही जण खिडकीपाशी निघतील, ते उचलून बाहेर टाका. मार्च-एप्रिलमध्ये खिडकीच्या चौकटीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके चालताना दिसले तर ते क्लोव्हर माइट, तेही निरुपद्रवी. ओल्या फडक्याने टिपा, घासलंत तर कुंकवासारखा ओघळ उमटतो. घराच्या पायाला चिकटून हिरवळ असेल तर दीड-दोन फुटांची पट्टी खरवडून तिथे खडी घाला, ते येणं थांबतं. खडीच्या त्या पट्टीत उंदरालाही लपायला जागा राहत नाही.

बेसमेंटच्या खिडकीबाहेर जो पत्र्याचा खड्डा असतो त्यात हात घालायच्या आधी बघा. ब्लॅक विडो कोळीण तिथे आणि गॅरेजच्या कोपऱ्यात असते, चकचकीत काळी, पोटाखाली वाळूच्या घड्याळासारखी लाल खूण. आपल्याकडे विंचवाच्या भीतीने चपला झटकून घालतात, तीच सवय बागेच्या हातमोज्यांना आणि गॅरेजमधल्या बुटांना लावा.

कुंपणापलीकडे मातीचे उंचवटे आणि त्यांवर उभे राहून चिवचिवणारे प्राणी दिसत असतील तर ते प्रेअरी डॉग, म्हणजे खारीच्या कुळातले प्राणी. मुलीला लांबून दाखवा, जवळ नेऊ नका, खायला टाकू नका. त्यांच्या पिसवांतून प्लेग होऊ शकतो. हा तोच प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत आला, १८९७ मध्ये पुण्यात, त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या. त्याच जागतिक साथीने जहाजांतून १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्को गाठलं आणि तिथून तो अमेरिकेच्या रानातल्या उंदरा-खारींत मुरला. आज लवकर निदान झालं तर अँटिबायोटिक्सने बरा होतो. तुम्ही एवढंच लक्षात ठेवा की रोज गजबजलेली वसाहत अचानक चिडीचूप झाली तर काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन करायचा. घरी कुत्रा असेल तर त्याला पिसवांचं औषध चालू ठेवायचं आणि तिकडे मोकळा सोडायचा नाही.

सापांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण उंदीर असले की साप मागे येतो. गॅरेजचं दार उघडं टाकू नका, कुंपणालगतचं गवत आखूड ठेवा. शेपूट खुळखुळवणारा दिसला तर मागे सरा आणि वाट द्या. बुलस्नेक नावाचा बिनविषारी सापही तसाच आवाज काढून भेवडावतो. दोघांतला फरक ओळखत बसायची गरज नाही, दोघांपासूनही लांबच राहायचं.

कंत्राटाचं उत्तर यात आलंच. नवऱ्याने त्या लोकांना एकच प्रश्न विचारावा, "तुम्ही भोकं बुजवून देता का, आणि त्याची हमी किती महिन्यांची?" देत असतील तर पैसे द्या. नुसतं घराच्या पायाभोवती दर तीन महिन्यांनी फवारून जाणार असतील तर तुमच्या यादीतल्या पाखरांना आणि उंदरांना त्याचा काही फरक पडत नाही, आणि मुलगी त्याच पायाभोवतीच्या मातीत खेळणार आहे.

या शनिवारी शेड. दार उघडून अर्धा तास सोडलंत की तेवढ्या वेळात गॅरेजमधल्या गोळ्या उचलून होतील. हातमोजे दाराबाहेरच घाला, आत गेल्यावर नाही. झालं की दोन ओळी कळवा.

तुमची,
ताई